‘डिटेक्टेड, <१५’ बघून घाबरू नका, पण शेवटची टेस्ट अजिबात सोडू नका

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच लागली नाही. वडिलांना हेपटायटिस सी, त्यावरच्या सोफोसबुवीर आणि डॅक्लाटास्वीर या गोळ्या चालू, सुरुवातीला व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे तो आकडा) ३८,६०,००० आणि चार आठवड्यांनी ‘डिटेक्टेड, <१५ आययू पर एमएल’. तुम्ही विचारताय की डिटेक्टेड म्हणजे औषध लागू पडत नाही का, गोळ्या बदलायच्या का, आणि बारा आठवड्यांचा कोर्स संपल्यावर निगेटिव्ह आलं की सगळं संपलं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. शेवटच्या प्रश्नापायी मात्र आमचं वर्षाच्या वर गेलं आणि ह्यांच्या लिव्हरची जी हानी झाली ती पूर्ण भरून निघालेली नाही, म्हणून त्यावर जास्त लिहिणार आहे. मी डॉक्टर नाही. जे लिहितेय ते आमच्या फाईलवरून आणि आमच्या डॉक्टरांनी समजावलं त्यावरून, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

तर ‘डिटेक्टेड, <१५’ म्हणजे मशीनला व्हायरसचा मागमूस दिसला, पण मोजून आकडा सांगण्याइतका तो उरलेला नाही. काही किटमध्ये ही हद्द १२ असते, काहींमध्ये २५, ती रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली असते, बघा. अजिबातच काही दिसलं नाही तर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं येतं. म्हणजे ३८ लाखांवरून वडील पंधराच्या खाली आलेत. लॉगमध्ये बघितलं तर ६.५९ वरून १.१८ च्या खाली, आणि एक लॉग उतरला म्हणजे दहापट कमी, इथे पाच लॉगच्या वर उतरलाय. औषध उत्तम लागू पडतंय. लॅबच्या पोरीने फोनवर ‘पॉझिटिव्ह आहे’ म्हणून सांगितलं ते मनातून काढून टाका, तिने फक्त डिटेक्टेड हा शब्द वाचला.

चौथ्या आठवड्यात शून्यच यायला पाहिजे असं जे तुमच्या मामांनी सांगितलं ते इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळातलं आहे. तेव्हा आठवड्याला इंजेक्शन असायचं, चोवीस नाहीतर अठ्ठेचाळीस आठवडे, आणि चौथ्या-बाराव्या आठवड्याच्या आकड्यावर पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरायचं. २०१५ पासून आपल्याकडे जेनेरिक गोळ्या मिळायला लागल्या आणि ते गणित मागे पडलं. आता मधल्या टेस्टमध्ये थोडासा व्हायरस दिसला तरी नंतर पूर्ण बरे झालेले भरपूर पेशंट असतात. माझं स्पष्ट मत, मधली टेस्ट डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली नसेल तर स्वतःहून करू नका, जिवाला घोर लागण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही. ते पैसे शेवटच्या टेस्टसाठी बाजूला ठेवा.

आता आमचं सांगते.

ह्यांचा १९९६ साली हायवेवर स्कूटरचा ॲक्सिडेंट झाला होता, तेव्हा तीन बाटल्या रक्त चढवलं. रक्तपेढ्यांमध्ये सी ची तपासणी सक्तीची झाली २००१ ला, त्यामुळे तिथूनच आलं असावं असं डॉक्टर म्हणाले. कळलं २०१९ मध्ये. व्हायरल लोड १२,४०,०००, ऐकायला तुमच्या वडिलांपेक्षा कमी, पण फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) १६.२ म्हणजे सिरॉसिसची, लिव्हर कडक पडून आकसायची, सुरुवात झालेली. हे पण लक्षात घ्या की लोड जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब असं नसतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही फायब्रोस्कॅनचं काहीच लिहिलं नाहीये, केलाय का ते कळवा. सिरॉसिस असल्यामुळे ह्यांना सोफोसबुवीर-वेल्पाटास्वीर दिलं, सरकारी कार्यक्रमातून, फुकट, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. १३ मेला पहिली गोळी, ४ ऑगस्टला शेवटची, एकही चुकली नाही, देवघराशेजारच्या कॅलेंडरवर मी रोज कुंकवाचं बोट लावायचे. शेवटच्या दिवशीची टेस्ट ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. खिडकीवरच्या माणसाने आमच्या फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने ‘निगेटिव्ह’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि आम्ही घरी येऊन पेढे वाटले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज निगेटिव्ह आलं म्हणजे बरे झालात असं नाही, गोळ्या थांबल्यावर बारा आठवड्यांनी परत टेस्ट करायची, तेव्हा निगेटिव्ह आलं तर बरे. कारण गोळी चालू असते तोवर व्हायरस दाबलेला असतो, आणि कुठे थोडा शिल्लक राहिला असेल तर गोळी थांबल्यावर तो परत वाढतो, आणि बहुतेक वेळा त्या बारा आठवड्यांतच वाढतो. हे मला समजलं होतं, माझ्या वहीत लिहून पण ठेवलेलं होतं. तारीख येत होती २७ ऑक्टोबर, नेमकं लक्ष्मीपूजन, म्हणून दिवाळी झाल्यावर गेलो. खिडकीवर म्हणाले किट संपलेत, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेलो तर मशीन बंद. आमच्या गावाहून दीड तास एसटी, ह्यांची दोन्ही वेळा रजा. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच माणसाने फाईल हातात घेतली, स्वतःच लिहिलेल्या त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, निगेटिव्ह आलंय ना, मग कशाला हेलपाटे मारताय, तुमची केस क्लोज केलीय. डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. आणि आम्ही परत आलो.

प्रायव्हेटमध्ये तेव्हा साडेतीन हजार सांगत होते. मी ह्यांना म्हणलं, तो म्हणतोय ना क्लोज, राहू दे. हे माझं वाक्य आहे, त्या माणसाचं नाही. तो चुकीचं बोलला, पण मला माहीत असून मी ऐकलं, हे मला आजही टोचतं.

पुढचं जास्त वाईट आहे. जानेवारीत ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्याआधीच्या रक्तात अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सी ची अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन) रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आलं. आता मला माहीत होतं की ती अँटीबॉडीची टेस्ट आहे, व्हायरसची नाही, आणि पूर्ण बरं झालेल्या माणसाचीसुद्धा ती बहुतेक आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. हे अगदी खरं आहे, तुम्ही पण लक्षात ठेवा, पुढे कुठल्या ऑपरेशनला, इन्शुरन्सला नाहीतर नोकरीच्या मेडिकलला वडिलांचं तेच येणार आहे. म्हणून मी तिथल्या नर्सबाईंना ठामपणे सांगितलं, ते जुनं आहे, ट्रीटमेंट झालीय, हा बघा रिपोर्ट. आणि दाखवला कुठला, तर ४ ऑगस्टचा. सगळ्यांनी मान डोलावली. अँटीबॉडी दोन्हीकडे सारखीच येणार, बरा झालेला असो की व्हायरस परत आलेला असो. फरक सांगणारा कागद एकच, बारा आठवड्यांनंतरचा आरएनए (म्हणजे व्हायरल लोडचीच टेस्ट), आणि तोच आमच्याकडे नव्हता.

मग मार्चमध्ये कोविड आला, सगळं बंद. उन्हाळाभर हे म्हणायचे थकवा वाटतो, आम्हाला वाटायचं घरात बसून असेल. ऑक्टोबरमध्ये पायाला सूज दिसली तेव्हा शहरातल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल उलटसुलट चाळली आणि पहिलाच प्रश्न, बारा आठवड्यांचा रिपोर्ट कुठाय? व्हायरल लोड ८,७०,०००. प्लेटलेट १,१०,००० च्या ७८,००० झालेल्या. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, बँडिंग करावं लागलं, म्हणजे त्या शिरा रबरी रिंगने बांधल्या. परत ट्रीटमेंट, ह्यावेळी चोवीस आठवडे आणि सोबत रिबाविरिन नावाचं आणखी एक औषध, त्याने हिमोग्लोबिन १३ वरून साडेनऊला आलं, जिना चढताना मध्ये बसायचे. ऑगस्ट २०२१ ला बारा आठवड्यांनंतरचा रिपोर्ट ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आला. तो मी लॅमिनेट करून ठेवलाय. नोव्हेंबर २०१९ ला टेस्ट झाली असती तर प्लेटलेट लाखाच्या वर असतानाच दुसरी ट्रीटमेंट सुरू झाली असती.

पहिल्यांदा गुण का आला नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. सिरॉसिस होता, जीनोटाइप (व्हायरसचा प्रकार) तीन होता, या दोन्हीत व्हायरस परत येण्याची शक्यता जरा जास्तच असते. पण एक गोष्ट नव्या डॉक्टरांनी विचारली जी आधी कुणीच विचारली नव्हती, ॲसिडिटीची गोळी घेता का. हे रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घ्यायचे, मेडिकलमधून आणून, वर्षानुवर्षं. वेल्पाटास्वीर अंगी लागायला पोटात ॲसिड लागतं, त्या गोळीने ते कमी होतं. तुमच्या वडिलांना डॅक्लाटास्वीर आहे, त्याला हा त्रास तेवढा नाही, तरी ते घेतात त्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. फिटच्या काही गोळ्या, टीबीची रिफाम्पिसिन, हृदयाची अमिओडारोन असेल तर नक्कीच. आणि ट्रीटमेंटच्या आधी हेपटायटिस बी ची टेस्ट झाली होती का बघा, कारण सी चं औषध चालू असताना शरीरात दबलेला बी उसळू शकतो.

किरकोळ काही. शक्यतो एकाच लॅबमध्ये टेस्ट करा, मशीन बदललं की आकडा दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होऊ शकतो आणि त्याला काही अर्थ नसतो. कुठे १.२E+०६ असं छापतात, ते बारा लाख. ‘क्वांटिटेटिव्ह आरएनए’ अशीच लेखी चिठ्ठी घ्या, नुसतं ‘एचसीव्ही’ लिहिलं तर खिडकीवर परत अँटीबॉडीचीच टेस्ट करून देतात, आमच्या नात्यात झालंय. उपाशी जायची गरज नाही. आईची एकदा टेस्ट करून घ्या, पण ताट-वाटी वेगळी करू नका, जेवणातून हे पसरत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि ब्रश तेवढे वेगळे ठेवा. सिरॉसिस निघाला तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, ती पण आम्ही त्या वर्षात सोडली होती.

आणि पंधराच्या खाली आलं म्हणून गोळ्या आत्ताच थांबवायच्या का असं खाली एकांनी विचारलंय, तर नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, पूर्ण बारा आठवडे.

शेवटची गोळी ज्या दिवशी घ्याल त्यापासून ८४ दिवस मोजा आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. चार-आठ दिवस पुढे गेली तरी चालते, आधी करू नका. किट नाही म्हणाले तर एकदा थांबा, दुसऱ्यांदा तेच म्हणाले तर सरळ प्रायव्हेटला करा आणि रिपोर्ट त्या फाईलला जोडून घ्या. खर्चाची अडचण असेल तर मला मेसेज करा, खरंच करा, इथे आम्ही तीन-चार जण आहोत.

आणि पोस्टमध्ये टाकलेल्या रिपोर्टच्या फोटोत वडिलांचं नाव आणि मोबाईल नंबर स्पष्ट दिसतोय, तो फोटो आधी काढा, नाव झाकून परत टाका.