निस्तार: सवलत नव्हे, हक्क

धानोरा तालुक्यातल्या (गडचिरोली) एका ताईंचा प्रश्न: ग्रामसभेच्या ठरावात 'निस्तार हक्क' असं लिहिलंय. हे घाण 'निस्तरणे'मधलं निस्तार, की 'विस्तार' लिहिताना झालेली चूक?

'विस्तार'चं नाव काढू नका, ताई! एका कार्यशाळेच्या फलकावर हातभर अक्षरांत 'सामूहिक विस्तार हक्क' रंगवलेलं मी पाहिलंय. त्याच फलकाखाली बसलेले साहेब भाषणभर निस्ताराला 'सवलत' म्हणत होते. सवलत देणारा ती काढूनही घेतो. २००६च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, निस्तार चक्क हक्कांच्या यादीत आहे, गावोगावी त्याला नाव काहीही असो.

अर्थ सोपा: सरपण, चराई, घरा-वखराला लागणारं लाकूड. घरच्या वापराचं. तेंदूपान विकलं तर ते गौण वनोपज, निस्तार नव्हे.

खरी गंमत व्युत्पत्तीत. काही जाणकार हा शब्द मालगुजारी, खसरा या जमीन-महसुलातल्या शब्दांच्या पंगतीत बसलेला पाहून त्याला फारसी ठरवून टाकतात. पंगतीवरून जात ठरवायची खोड आपल्याकडे जुनीच! शब्द संस्कृत आहे: निस् + तॄ, पार होणे. तरणे, तारू, उतारू, अवतार, तीर्थ ही सगळी त्या 'तॄ'चीच लेकरं. 'निस्तरणे' हे तर सख्खं भावंड.

मग पार व्हायचं ते काय? भवसागर म्हणाल, तर ते कीर्तनात. माझ्या मते पावसाळा. मृग लागायच्या आत ओसरीला छतापर्यंत रचलेलं सरपण पाहिलंय ना? ओलं लाकूड धुमसतं, चूल पेटत नाही. ते चार महिने ज्याच्यावर तरायचे, तो निस्तार. कोशात हे सापडणार नाही. कोशकारांना ओल्या लाकडावर चूल फुंकायला लावा, मग बोलू.

शेजारच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या कुणाला 'सवलत' म्हणून दाखवा.

हां, तुमचा ठराव. चूक नाही, 'निस्तार'च ठेवा. टाइप करणाऱ्यानं परस्पर 'विस्तार' केला, तर सही करू नका.