अणू कोणी उघडून पाहिलेला नाही, मग त्याच्या मध्यभागी केंद्रक आहे हे कशावरून?

आपण लिहिले आहे की, आठवीत शिकणारी आपली मुलगी प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांची नावे व प्रभार बिनचूक सांगते, परंतु शीर्षकातील शंका तिने विचारली तेव्हा काय उत्तर द्यावे हे आपल्याला सुचले नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि तिची शंका हाच या पाठाचा गाभा आहे असे माझे मत आहे. अणूची ही रचना मोजक्या काही प्रयोगांनी शास्त्रज्ञांना मान्य करायला लावली. म्हणून तिला समजावताना पुस्तकातील आकृती थोडा वेळ बाजूला ठेवावी आणि त्या प्रयोगांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.

१८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी, आतील हवा जवळजवळ काढून टाकलेल्या काचेच्या नळीत ऋणाग्रापासून, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या धातूच्या पट्टीपासून, निघणारे किरण तपासले आणि ते ऋणप्रभारित कणांचे बनलेले आहेत असे दाखवले. ऋणाग्र कोणत्याही धातूचे असो किंवा नळीत कोणताही वायू असो, कणाचा प्रभार आणि त्याचे वस्तुमान यांचे गुणोत्तर तेच येत होते. याचा अर्थ हा कण सर्वच मूलद्रव्यांच्या अणूंमध्ये असला पाहिजे. हाच इलेक्ट्रॉन, आणि त्याचे वस्तुमान सर्वांत हलक्या, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या तुलनेत १८०० पटींहून अधिक कमी आहे. अणू एकंदरीत विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, त्यामुळे त्यात ऋणप्रभार आहे म्हटल्यावर तेवढाच धनप्रभारही असणार हे उघड होते. तो कोठे आणि कसा आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. धनप्रभार अणूच्या संपूर्ण गोलात सारखा पसरलेला आहे आणि इलेक्ट्रॉन त्यात जागोजागी रुतलेले आहेत, अशी कल्पना थॉमसन यांनी मांडली. हे प्रारूप पुढे टिकले नाही म्हणून विद्यार्थी त्यावरून घाईने पुढे जातात, पण ते नीट समजले नाही तर पुढच्या प्रयोगात आश्चर्य वाटण्यासारखे काय होते, हेच कळत नाही.

तो प्रयोग मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी केला. किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणारे अल्फा कण त्यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर सोडले. अल्फा कण धनप्रभारित असतो, त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या ७००० पटींहून अधिक असते आणि तो सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतो. पत्र्यातून पार झालेला किंवा वळलेला कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की तेथे क्षणभर बारीकशी चमक दिसे, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून या चमका एकेक करून मोजाव्या लागत. थॉमसन यांचे प्रारूप खरे असते, तर पसरलेला विरळ धनप्रभार अशा वेगवान आणि जड कणाला फारसा वळवू शकला नसता. इलेक्ट्रॉन तर इतके हलके की त्यांच्याशी टक्कर होऊनही त्याची दिशा जाणवण्याइतकी बदलली नसती. प्रत्यक्षात बहुतेक कण अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सरळ पार गेले, परंतु काही थोडे मोठ्या कोनातून वळले आणि क्वचित एखादा चक्क आलेल्या दिशेला परत फिरला. १९०९ सालच्या त्यांच्या निबंधात प्लॅटिनमच्या पत्र्यासाठी हे प्रमाण सुमारे ८००० कणांमागे १ असे दिलेले आहे.

येथे मुलीला एक प्रश्न अवश्य विचारावा: अनेक अणूंमधून जाताना कणाला थोडे थोडे धक्के बसून शेवटी तो परत फिरला असेल, असे का म्हणू नये? रदरफोर्ड यांनी नेमके हेच गणिताने तपासले. लहान लहान विक्षेप कधी डावीकडे तर कधी उजवीकडे होत असल्याने ते परस्परांना बरेचसे खोडून काढतात, आणि ते सर्व एकाच दिशेने साठत जाण्याची शक्यता इतकी नगण्य निघते की, हजारोंमध्ये एक कण परत फिरण्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. याउलट अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान आणि त्याचा धनप्रभार मध्यभागी अत्यल्प जागेत एकवटलेला आहे असे मानले, तर बहुतेक कण त्या जागेपासून दूरवरून निघून जातात आणि जो अगदी जवळून जातो तो एकाच प्रबळ प्रतिकर्षणाने मागे फेकला जातो. ही मांडणी त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केली. कोणत्या कोनात किती कण जातील, पत्र्याची जाडी किंवा कणांचा वेग बदलल्यास ती संख्या कशी बदलेल, हेही त्यांच्या सूत्रातून आधीच सांगता येत होते. १९१३ साली गायगर आणि मार्सडेन यांनी चमका पुन्हा मोजल्या आणि त्या संख्या सूत्राशी जुळल्या. केंद्रक ‘न पाहता’ मान्य झाले ते या जुळणीमुळे, आणि माझ्या दृष्टीने हा भाग शाळेत जितका सविस्तर शिकवला जावा तितका शिकवला जात नाही.

पुस्तकातील आकृतीचा मोठा दोष प्रमाणाचा आहे, जो छापील पानावर टाळणेही शक्य नाही. अणूचा व्यास साधारणपणे मीटरचा दहा अब्जावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक असतो. सोन्याचे केंद्रक त्याच्या अणूपेक्षा सुमारे २०,००० पटींनी लहान आहे. ते ज्वारीच्या चार मिलिमीटरच्या दाण्याएवढे धरले, तर अणूचा व्यास सुमारे ८० मीटर होईल, आणि अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्या दाण्यात असेल. हायड्रोजनच्या अणूत तर ही तफावत ६०,००० पटींच्या आसपास आहे.

केंद्रकात काय आहे, हे उलगडायला आणखी वीस वर्षे लागली. हेन्री मोझली यांनी १९१३ आणि १९१४ साली निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारता मोजल्या, आणि मूलद्रव्यांचा क्रम वस्तुमानावर नव्हे तर केंद्रकावरील धनप्रभारावर ठरतो हे स्पष्ट झाले. आरगॉनचे अणुवस्तुमान (३९.९५) पोटॅशियमपेक्षा (३९.१०) अधिक असूनही आवर्तसारणीत आरगॉन १८वा आणि पोटॅशियम १९वा का, या जुन्या कोड्याचे उत्तर त्यातून मिळाले. शिवाय ४३, ६१, ७२ आणि ७५ या जागा अद्याप रिकाम्या आहेत, हेही मोझली सांगू शकले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे १९१५ साली, वयाच्या २७व्या वर्षी, ते मारले गेले. विज्ञानाची ती मोठी हानी होती.

अणुअंक म्हणजे केंद्रकातील धनप्रभारित कणांची, अर्थात प्रोटॉनांची, संख्या, आणि मूलद्रव्याची ओळख केवळ तिच्यावरून ठरते. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला तरी तो सोडियमचाच आयन (प्रभारित अणू) राहतो, पण प्रोटॉनांची संख्या ११ऐवजी १२ झाली की ते मॅग्नेशियम होते. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला. प्रभार नसल्यामुळे तो इतका काळ हाती लागला नव्हता. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत १७ प्रोटॉन असतात, परंतु कोणात १८ तर कोणात २० न्यूट्रॉन असतात, आणि निसर्गात पहिल्या प्रकारचे अणू सुमारे ७६ टक्के असल्यामुळे क्लोरीनचे सरासरी अणुवस्तुमान ३५.४५ येते. ‘अर्धा प्रोटॉन असतो का?’ असे मुले हा आकडा पाहून हमखास विचारतात, म्हणून हे उदाहरण हाताशी ठेवावे. समान प्रभाराचे प्रोटॉन एकमेकांना दूर न लोटता एकत्र कसे राहतात, असेही ती विचारेल; केंद्रकाच्या आकाराएवढ्या अतिशय कमी अंतरावरच काम करणारे, तेथे विद्युत प्रतिकर्षणावर मात करणारे प्रबळ बल त्यांना बांधून ठेवते, एवढे या इयत्तेत पुरेसे आहे.

इलेक्ट्रॉनांविषयी एक सावधगिरी बाळगावी. ते ग्रहांसारखे फिरतात असे मानले, तर दिशा सतत बदलणारा प्रभारित कण ऊर्जा बाहेर टाकत राहील आणि क्षणार्धात केंद्रकात कोसळेल. नील्स बोर यांनी १९१३ साली ठरावीक ऊर्जेच्या कवचांची कल्पना मांडून ही अडचण तात्पुरती सोडवली आणि हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचे गणितही जुळवून दाखवले. पुढे १९२६च्या सुमारास पुंजयांत्रिकीने, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या नव्या सिद्धांताने, निश्चित कक्षा ही कल्पनाच मागे टाकली. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच आता सांगितले जाते. तरीही कवचांची मांडणी शाळेत जरूर शिकावी, कारण रासायनिक वर्तन तिच्यावरून चांगले समजते. सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कवचांतील इलेक्ट्रॉनांची संख्या, २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७; सोडियम बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, आणि विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणातून मीठ तयार होते.

पोटॅशियमपाशी मात्र ती अडेल. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात असे शिकल्यावर पोटॅशियमचे संरूपण २, ८, ९ न लिहिता २, ८, ८, १ का लिहायचे, असे ती विचारील. त्या वेळी ‘नियमच तसा आहे’ असे सांगून तिला थांबवू नये. तिसऱ्या कवचाच्या आत ऊर्जेचे वेगवेगळे उपस्तर आहेत आणि त्यांतील सर्वांत वरच्या उपस्तरापेक्षा चौथ्या कवचाचा पहिला उपस्तर पोटॅशियममध्ये कमी ऊर्जेचा असतो, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तेथे जातो, असे सरळ सांगावे. हे उपस्तर ती अकरावीच्या रसायनशास्त्रात सविस्तर शिकेल.