कोकणात मॉडेल विमानाच्या पंखावर डोप मारल्यावर पांढरे डाग का पडतात?

प्रश्न : गुहागरच्या माझ्या मित्राला शाळेपासून जुन्या छोट्या विमानांचं वेड आहे. निवृत्तीनंतर तो पायपर जे-३ कबचं १/६ मापाचं, रिमोटवर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं मॉडेल बांधतोय. श्रावणात पंखांवर रेशमी कापड चढवून डोप (कापड ताणून घट्ट करणारं लॅकर) मारला, तर पांढरट डाग उठले आणि डावा पंख पिळवटला. सगळं सोलून काढावं का?

उत्तर : सोलू नका. डाग आणि पीळ दोन्ही निघतात, पण आत्ता काही करू नका. दिवाळी होऊन जाऊ द्या.

डाग का पडले ते आधी. डोपमधला थिनर भराभर उडतो, तसा पृष्ठभाग गार पडतो. हवेत दमटपणा भरपूर असला की त्या गार पृष्ठभागावर पाणी धरतं आणि ओल्या डोपमध्ये शिरतं. डोपमधलं नायट्रोसेल्युलोज थिनरमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. मग ते फुटतं आणि दुधासारखं पांढरं दिसतं. तुमच्या मित्राच्या बाबतीत आणखी एक शंका आहे. रेशीम ओलं करूनच चढवतात. पावसाळ्यात ते हाताला कोरडं लागलं तरी बरगड्यांवर ओलच असते, आणि त्यावरच डोप गेला असणार. तीसच्या दशकात खरा कब सुती कापड आणि डोपनेच मढवत, त्यामुळे कारखान्यातल्या लोकांनाही हीच डोकेदुखी होती.

आता दुरुस्ती. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा. काटा ६० टक्क्यांच्या खाली असेल तरच डबा उघडा, ७० च्या वर झाकणालाही हात लावू नका. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही पहाटे दव असतं आणि दुपारी खारे वारे सुटले की दमटपणा पुन्हा चढतो. मधली साधारण दहा ते साडेबारा ही वेळ कामाची. चांगल्या प्रतीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोजच्या) थिनरमध्ये दहावा हिस्सा रिटार्डर घाला (वाळणं लांबवणारा द्रव, रंगाच्या दुकानात याच नावाने मिळतो) आणि डागांवर मऊ ब्रशने एकच हात फिरवा. डोप पुन्हा विरघळतो, सावकाश वाळतो आणि पाण्याला निघून जायला वेळ मिळतो. घासत बसू नका, कापड सुटेल. स्वस्तातला थिनर मात्र नको, निम्मे डाग त्याच्यामुळेच पडतात.

पीळ पडला तो डोप आक्रसल्यामुळे. वरची बाजू एका दिवशी आणि खालची दुसऱ्या दिवशी केली की आधी वाळलेली बाजू ओढते. पुढचे हात दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, आलटून-पालटून द्या आणि स्पर्शाला कोरडा झाला की पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून रात्रभर ठेवा. पडलेला पीळ काढायला किटलीची वाफ पुरते. वाफेवर धरून उलट्या दिशेने, हवा त्यापेक्षा थोडा जास्त पिळा आणि गार होईपर्यंत सोडू नका. दोन्ही टोकांना मागची कड ६ ते ८ मिमी वर उचललेली ठेवा. त्यामुळे वेग कमी झाला तरी टोक आधी कोसळत नाही. दोन्ही पंखांत हे माप सारखंच हवं. सपाट पंखापेक्षा असमान पंख जास्त घातक.

नव्याने करायचं झालं तर लाकडावर डोपचे दोन हात, मध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर. मग ओलं रेशीम, कडा डोपने चिकटवून एक दिवस वाळवणं. नंतर डोप-थिनर निम्मे-निम्मे करून चार हात. शेवटच्या दोन हातांत १०० मिलीला २ मिली एरंडेल घातलं की डोप पुढे आक्रसत नाही, तडकतही नाही. हा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे नायट्रेट डोप भयंकर पेट घेतो, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. इंधनाचं इंजिन बसवणार असाल तर वरून ब्युटिरेट या दुसऱ्या प्रकारच्या डोपचा हात हवा, कारण ग्लो इंधनाने (मॉडेल इंजिनांच्या मिथेनॉल-मिश्रणाने) नायट्रेट विरघळतो. ब्युटिरेटवर नायट्रेट मात्र कधी नाही, तो धरत नाही.

बाल्सा महाग म्हणून सावर किंवा पांगारा वापरण्याचा मोह होतो. सावर वजनाला दुपटीच्या घरात जाते, पांगाऱ्याला कीड लवकर लागते. राहू द्या.

१/६ मापात पंखाचा विस्तार १.७९ मीटर येतो आणि वजन अडीच किलोपर्यंत ठेवता येतं. तोल (गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून ७ ते ८ सेंमीवर धरा. शेपटी जड झालेला कब पहिल्याच उड्डाणात मोडतो. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर जास्त, खाली कमी हलेल असे जोडा, नाहीतर वळताना नाक उलट दिशेला जातं.

उडवायला पहाटेचे मतलई वारे बरे, नऊच्या आत आटपा. ओहोटीच्या वेळची घट्ट वाळू चांगली धावपट्टी होते, पण सुरूच्या बनापासून दूर. अंजनवेलचा वीजप्रकल्प जवळ आहे, म्हणून आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यात आहे ना ते बघा. तिथेही १२० मीटरच्या वर नाही आणि विमान नजरेआड नाही. घरी आल्यावर चाकांची तार गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवा आणि मोटर उलटी धरून वाळू झटका. विमान कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नका. तिथे दिवसा तापतं, रात्री ओल धरते आणि पंख पुन्हा पिळवटतो.