शेवटच्या पाहणीला दार कोणी उघडायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा समोर माणसं बसली होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. शुक्रवारी घराच्या खरेदीच्या सह्या आहेत, गुरुवारी घेणाऱ्यांना घर शेवटचं बघायचंय आणि घरमालक म्हणताहेत, "मी आहे की घरी, मी दाखवतो. तुम्ही कशाला हेलपाटा घालता?" घेणाऱ्यांची एजंट तू, पण तुला त्याच वेळी दुसऱ्या पार्टीकडे जायचंय. तेव्हा घेणाऱ्यांना एकट्यानेच पाठवलं तर चालेल का, असं तू विचारलंस.

चालणार नाही. दुसरी भेट पुढे ढकल आणि तू स्वतः जा. किल्ली तू आण, दार तू उघड, शेवटी कुलूपही तूच लाव. आणि त्या वेळात घरमालकांनी घरात नसावं. हे त्यांना सांगायचं अवघड काम तुलाच करावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

घरमालक घरात असले की ते आपोआप यजमान होतात आणि घेणारे पाहुणे. पाहणी बिघडते ती इथेच. पाहुणा म्हणून गेलेला माणूस दुसऱ्याचं कपाट उघडत नाही, सिंकखाली वाकून हात फिरवत नाही, बाथरूममधले सगळे नळ एकदम सोडून घड्याळाकडे बघत उभा राहत नाही. यजमान नेईल त्या खोलीत तो जातो, 'बसा' म्हटलं की बसतो आणि निघताना 'छान ठेवलंय हो घर' म्हणतो. यात त्याचं काही चुकत नाही, ती सभ्यताच आहे. पण शेवटच्या पाहणीला त्याला पाहुणा होऊन चालत नाही, पाहणारा व्हावं लागतं. तो मोकळेपणा त्याला देईल असा एकच माणूस त्या व्यवहारात असतो. त्याच्या बाजूने उभं राहायचं ज्याने कबूल केलंय तो, म्हणजे इथे तू.

हे मला समजलं तेव्हा एका कुटुंबाचं नुकसान होऊन गेलं होतं. मी या कामात नवीन होते. घेणारे नवराबायको आणि बाईंची आई, असे तिघं होते. विकणारे गृहस्थ वयस्कर, बोलायला फार गोड. "पोरांनो, तुम्हीच या, मी दाखवतो सगळं," असं त्यांनी म्हटलं आणि मी निर्धास्त झाले. त्यांनी तासभर घर दाखवलं. मुलगी कुठे बसून अभ्यास करायची, दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा कशा वर वर सरकत गेल्या, सगळं सांगितलं. ऐकताना आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या खोलीत खोकी पार वरपर्यंत रचलेली होती. "तिथे काही नाही, नुसतं सामान आहे," असं ते म्हणाले आणि कोणी आत गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या, पैसे दिले गेले. ताबा मिळाला, खोकी हलली, आणि मागची भिंत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओली निघाली. प्लास्टर बोटाने सुटत होतं. भिंतीपलीकडे बाथरूम होतं, आतला पाइप गळत होता. त्या गृहस्थांना हे ठाऊक होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांनीही वर्षभर ती खोकी हलवली नसतील. घेणाऱ्या बाईंनी मला एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही का नाही आलात?"

मी असते तर खोकी बाजूला करायला सांगितलं असतं. मला ते जमलं असतं, कारण मी तिथे कामासाठी गेले असते. त्या तिघांना ते जमणार नव्हतं आणि तशी अपेक्षा ठेवणंही चूक होतं.

दुसरं एक कारण कमी बोललं जातं. मालक समोर असले की त्यांनाही त्रास होतो. वीस वर्षं राहिलेल्या घरातल्या फरशीला कोणी नाक मुरडलं की ते लागतं. एवढ्याशा शब्दावरून जमत आलेले व्यवहार फिसकटलेले मी पाहिलेत. याच्या उलटही घडतं. भरल्या मनाने मालक म्हणून जातात, "पडदे राहू देत तुम्हाला," किंवा "ते कपाट नाही नेत मी." कागदावर काहीच नसतं. मग सामान हलवणारी माणसं कपाट घेऊन जातात, घेणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि मालकांना आपण काय बोललो तेही आठवत नाही. सह्यांच्या आदल्या दिवशी तोंडी देणंघेणं होता कामा नये. झालंच, तर त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंना पाठव.

आता मालकांना कसं सांगायचं ते. मेसेज करू नकोस, फोन कर. त्यांच्यावर संशय आहे असा सूर चुकूनही लागू देऊ नकोस. मी साधारण असं म्हणते: "काका, गुरुवारी दोन तास आम्हाला घर बघायचंय. ते लोक तुमच्यासमोर संकोचतात, म्हणून तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल. शेवटच्या अर्ध्या तासाला मात्र नक्की या, कारण घर तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, ते आम्हाला तुमच्याकडून समजून घ्यायचंय." यातलं शेवटचं वाक्य काकांना बरं वाटावं म्हणून घातलेलं नाही. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणता स्विच कशाचा, कोणती खिडकी उचलून ओढावी लागते, वॉरंटीचे कागद कुठल्या खणात आहेत, जादा किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे दिल्यात, हे फक्त तेच सांगू शकतात. ही माहिती गेली की घेणाऱ्यांना पुढची दोन वर्षं चाचपडावं लागतं. म्हणून भेट दोन भागांत कर: आधी तपासणी मालकांशिवाय, मग ओळख मालकांसह. क्रम उलटा करू नकोस. गोष्टी आधी ऐकल्या की डोळे मिटतात.

विकणाऱ्यांच्या एजंटने किल्ली हातात द्यायला नकार दिला तर वाद घालू नकोस. घर अजून त्यांच्या पार्टीचं आहे, आत काही मोडलं किंवा हरवलं तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. त्याने दार उघडावं आणि बाहेरच्या खोलीत बसावं. खोल्यांमधून मात्र घेणाऱ्यांबरोबर तूच फिर. तो प्रत्येक खोलीत मागे येऊन उत्तरं द्यायला लागला, तर 'प्रश्न लिहून ठेवतो आहोत, शेवटी एकदम विचारू' असं शांतपणे सांग.

एकच एजंट दोन्ही बाजूंचं काम पाहत असेल तेव्हा प्रश्न खरा कठीण होतो. उद्या तुझ्यावरही तशी वेळ येईल. काही ठिकाणी याला बंदी आहे, काही ठिकाणी दोघांची लेखी संमती घेऊन मुभा आहे. माझं मत विचारशील तर अशा व्यवहारात शेवटची पाहणी त्या एजंटने करवू नये. सह्या व्हाव्यात असं सगळ्यात जास्त त्यालाच वाटत असतं, आणि तसं वाटणाऱ्याला ओल दिसत नाही. तो खोटा असतो म्हणून नव्हे, माणसाची नजर तशीच असते म्हणून. घेणाऱ्यांनी स्वतःचा एखादा तंत्रज्ञ आणावा, नाहीतर बांधकामातलं कळणारा नातेवाईक आणावा, आणि एजंटने किल्लीपुरतं काम करावं.

वेळ मालकांचं सामान हलल्यानंतरची आणि सह्यांच्या आधीची घे. आठवडाभर आधीची पाहणी जवळजवळ फुकट जाते, कारण चौकट खरवडली जाते, फरशीला तडा जातो, भिंतीतून खिळे उपटले जातात ते सामान हलवतानाच. शक्यतो सह्यांच्या आधीचे चोवीस तास, आणि दिवसाउजेडी. पिवळ्या दिव्यात ओलीचा डाग दिसत नाही. वीज आणि पाणी त्या दिवशी चालू असल्याची खात्री आदल्या दिवशीच करून घे. मालकांनी जोडणी आधीच तोडून टाकली असेल तर अर्धी पाहणी होतच नाही. आत भाडेकरू राहत असेल तर त्याला रीतसर आधी कळव. घर मालकाचं असलं तरी तिथे संसार त्याचा असतो.

तू यजमान आहेस म्हणजे काय करायचं, तर आत गेल्या गेल्या गीझर चालू कर, कारण पाणी तापायला वेळ लागतो. मग पाण्याच्या मीटरचा फोटो काढ आणि सगळे नळ बंद असल्याची खात्री कर. दहा-पंधरा मिनिटांनी आकडा पुन्हा बघ. काही सुरू नसताना काटा हलत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. फ्लशची टाकी गुपचूप गळते, तिच्यात रंगाचे चार थेंब टाक. फ्लश न करताच रंग भांड्यात उतरला की समजायचं. त्यानंतर नळ सोड. बेसिन काठोकाठ भरून एकदम रिकामं कर आणि त्याच क्षणी खाली वाकून बघ. थेंबथेंब पाण्यात न गळणारा सांधा भरल्या पाण्यात गळतो. प्रत्येक प्लगला चार्जर लावून बघ. खिडक्या नुसत्या उघडू नकोस, बंद करून कडी लागते का तेही बघ. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिथे थांब आणि हात लाव.

करारासोबत घरात राहणाऱ्या वस्तूंची यादी असते, ती छापून बरोबर ने. पहिल्या भेटीचे फोटोही ने. पंखा आहे की नाही एवढं बघून भागत नाही, तोच पंखा आहे का ते बघायचं. चांगला काढून नेऊन जुना लावलेला मी दोनदा पकडलाय.

दोष दाखवणं जितकं तुझं काम, तितकंच दोष नाही ते सांगणंही तुझंच. रिकामं घर माणसाला घाबरवतं. आवाज घुमतो, कारण तो शोषून घेणारे पडदे, गाद्या, सोफे गेलेले असतात. भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन उरतात. घर पूर्वीपेक्षा जुनं वाटतं. काही आठवडे बंद असेल तर बाथरूममधून गटारासारखा वास येतो. बहुतेक वेळा जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, आणि वास अडवतं तेच पाणी. दोन मग पाणी ओत आणि वेळ जाऊ दे. वास गेला तर प्रश्न मिटला. राहिला तर लिहून घे. शेजारी माहितीचं माणूस नसेल तर आयुष्याची पुंजी घातलेले लोक या वासानेच रात्रभर जागे राहतात. एकट्याने पाठवू नकोस म्हणते ते यासाठीही.

काही सापडलंच तर घरात उभं राहून घासाघीस करू नकोस आणि घेणाऱ्यांनाही मालकांना तिथूनच फोन लावू देऊ नकोस. फोटो काढ, दोन ओळी लिही आणि तासाभरात समोरच्या एजंटला आणि वकिलांना पाठव. सही होईपर्यंत घेणाऱ्यांच्या शब्दाला वजन असतं. सहीनंतर बहुतेक वेळा उरते ती विनंती. मालक म्हणतील, दुरुस्त करून देतो. चालू गळती असेल तर करू दे. बाकी बाबतीत मी किमतीतून रक्कम कमी करायला सांगते, कारण घर सोडून निघालेला माणूस दुरुस्ती सहीपर्यंत टिकेल इतपतच करतो. काम मोठं असेल तर काही रक्कम काम होईस्तोवर वकिलांकडे अडकवून ठेवता येते, पण किती, किती दिवस आणि कशावर सुटेल, हे लिहिलेलं हवं. यातलं काहीच जमत नसेल तर सह्या पुढे ढकलायला सांग. कमिशन लांबेल, लांबू दे.

सगळं बघून झालं की घेणाऱ्यांना दहा मिनिटं एकटं सोड. तू बाहेर जिन्यात थांब. त्यांना एकमेकांशी काहीतरी बोलायचं असतं आणि ते तुझ्यासमोर बोलता येत नाही. मग काकांना आत बोलाव.

दुसऱ्या पार्टीला गुरुवारऐवजी शनिवार चालेल का ते आजच विचार. नाही म्हणाले तर मला कळव, त्यांच्याकडे मी जाते. आणि गुरुवारी आत गेल्यावर मीटरचा पहिला फोटो मलाही पाठव, दोन्ही तास मी फोनजवळ आहे.

तुझी,
ताई