‘गॅटाका’ सिनेमात चांगलं काय आणि कच्चं काय?

प्रश्नकर्त्याने विचारलंय की 1997 च्या ‘गॅटाका’ला लोक एवढं का नावाजतात, त्याच्या जमेच्या बाजू कोणत्या, कच्चे दुवे कोणते आणि आज तो बघावा का.

बघा. जरूर बघा. पावणेदोन तासांचा आहे, मारामारी जवळपास नाही, मायकेल नायमनचं संगीत आहे. पण त्या नायकाला डोक्यावर घेऊन नाचू नका. आमच्या घरात तो नाच बरीच वर्षं चालू आहे आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

गोष्ट थोडक्यात अशी: भविष्यात माणसाची लायकी त्याच्या जनुकांवरून ठरते. कमअस्सल जनुकांमुळे साफसफाईच्या कामाला लागलेला नायक व्हिन्सेंट, अव्वल जनुकांच्या जेरोमचं नाव आणि रक्त-लघवीचे नमुने वापरून ‘गॅटाका’ या अंतराळ संस्थेत शिरतो. आधी चांगलं सांगतो. लेखक-दिग्दर्शक अँड्र्यू निकोलने ते भविष्य उभं करायला पैसा ओतलेला नाही, डोकं वापरलंय. इमारत म्हणून फ्रँक लॉइड राइटचं कॅलिफोर्नियातलं मरीन काउंटी सिव्हिक सेंटर घेतलं. रस्त्यावर जुन्या सिट्रोएन आणि स्टुडबेकर गाड्या सोडल्या, फक्त त्यांना विजेच्या मोटरची गुणगुण दिली. म्हणून सिनेमा आजही शिळा वाटत नाही. त्या काळातल्या इतर सिनेमांतले संगणकाचे पडदे आज बघवत नाहीत.

पण खरी कमाई आहे ती मुलाखतीच्या प्रसंगात. व्हिन्सेंट नोकरीसाठी येतो, डॉक्टर लघवीचा नमुना घेतो, यंत्र हिरवा कौल देतं, डॉक्टर अभिनंदन करतो. व्हिन्सेंट विचारतो, मुलाखत कधी? डॉक्टर म्हणतो, झाली की. बस, एवढंच. त्या जगात भेदभावाविरुद्ध कायदा आहे, पण तो कुणी जुमानत नाही. दाराच्या मुठीवरून, हस्तांदोलनातून, अर्जाच्या पाकिटावरच्या थुंकीवरूनही तुमची कुंडली काढता येते. माणसाची जनुकं वाचून काढणारा मानवी जनुक प्रकल्प पुरा झाला 2003 मध्ये आणि अमेरिकेने जनुकांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध नोकरी आणि आरोग्यविम्यापुरता कायदा केला 2008 मध्ये. आपल्याकडे जनुकीय आजार म्हणून विम्याचा दावा नाकारण्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ताशेरे मारले. निकोल या सगळ्याच्या आधी तिथे पोचला होता.

आता माझं दुखणं. आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, रंगांधळे होते. तांबडा आणि हिरवा त्यांना वेगळा दिसायचा नाही. अढीतला हापूस ते देठापाशी नाक नेऊन निवडायचे आणि त्यांचं चुकायचं नाही. हा दोष आईच्या बाजूने येतो. आजोबांकडून तो आई आणि मावशी दोघींकडे गेला, त्यांना त्रास काही नाही, आणि पुढे आला माझ्यात आणि मावसभावात. मी त्याला दादा म्हणतो. आम्ही रत्नागिरीकडचे, तेव्हा दोघांनाही बोटीवर जायचं होतं, तेही डेक साइडला, म्हणजे जहाज हाकणाऱ्यांत.

माझ्या मेडिकलला डॉक्टरांनी रंगांधळेपणा तपासायचं इशिहाराचं पुस्तक उघडलं. ठिपक्याठिपक्यांची वर्तुळं असतात आणि त्यात आकडा लपलेला. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांना दिसतो, तो मी ऐटीत वाचला. दुसऱ्या पानावर मी म्हणालो, ‘तीन.’ डॉक्टरांनी पान न उलटता परत विचारलं. मी परत तीन म्हणालो, अगदी खणखणीत. तिथे इतरांना 8 दिसतो. त्या दिवशी माझं बोटीवर जाणं संपलं. मी पुढे क्लिअरिंग-फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे जहाजी मालाच्या कागदपत्रांच्या कामात गेलो आणि आता जहाजं रोज कागदावर बघतो.

दादा माझ्याआधीचा आणि हुशार. त्याने ते पुस्तक कुणाकडून तरी मिळवून पानांसकट पाठ केलं. कुठल्या पानाचा कोपरा दुमडलाय, कुठल्या पानावर डाग आहे, त्यावरून आकडा सांगायचा. पास झाला, बोटीवर गेला, वर चढत गेला. आता तो किनाऱ्यावर नोकरी करतो, म्हणून हे लिहितोय.

आणि हा माणूस दर गणपतीत ‘गॅटाका’ काढतो. ‘अरे, व्हिन्सेंटने काय केलं? मी तेच केलं. तू तीन म्हणालास आणि घरी बसलास.’ मावशी कौतुकाने बघते, माझी आई माझ्याकडे बघते.

तर दादा, आणि प्रश्नकर्ते तुम्हीही, नीट ऐका. सिनेमाचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा इथेच आहे. व्हिन्सेंट जन्मतो तेव्हा नर्स आकडे वाचते: हृदयविकाराची शक्यता 99 टक्के, आयुष्य 30.2 वर्षं. शक्यतेवरून माणसाला झाडू हातात द्यायचा, हा अन्याय. इथवर मी सिनेमाच्या बाजूने आहे. पण पुढे ट्रेडमिलचा प्रसंग येतो. व्हिन्सेंट छातीवर जेरोमच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग लावून धावतो, ते संपतं, आणि त्याचं स्वतःचं हृदय धाडधाड ऐकू येतं. कसाबसा बाहेर पडतो आणि कपडे बदलायच्या खोलीत कोसळतो. म्हणजे ही आता शक्यता राहिली नाही. हृदय खरंच दुबळं आहे, सिनेमानेच पुरावा दिला! आणि हा गडी शनीच्या टायटन या चंद्राकडे एक वर्षाच्या सफरीवर निघालाय, तोही नॅव्हिगेटर म्हणून. सोबतच्यांना काही पत्ता नाही. आजही कुठलीही अंतराळ संस्था असं हृदय असलेल्याला घरी पाठवेल आणि त्यासाठी तिला जनुकं बघायची गरज पडणार नाही.

लेखक हा प्रश्न विचारतच नाही. त्याऐवजी भावाभावांची पोहण्याची शर्यत दाखवतो, परतीसाठी दम राखून ठेवला नाही म्हणून जिंकलो असं व्हिन्सेंट सांगतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. समुद्रात एकट्याने पोहताना स्वतःचा जीव पणाला लावणं वेगळं, दुसऱ्यांना बोटीत बसवून लावणं वेगळं. रात्री उजव्या हाताला दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर वाट आपण द्यायची असते. हिरवा कुठला नि लाल कुठला हे ज्याला कळत नाही, त्याने ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या जागी, उभं राहून काय करायचं? दादा म्हणतो रडार असतं, आजूबाजूच्या जहाजांची ओळख आणि जागा सांगणारं एआयएस असतं. असतं ना. पण आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांवर एआयएस असतंच असं नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाकी उणिवा किरकोळ. खुनाचा तपास ढिला आहे, आणि तपास करणारा अधिकारी नेमका नायकाचा सख्खा भाऊ निघतो, हा योगायोग पचत नाही. खुनी कोण ते कळतं तेव्हा मात्र मजा येते, कारण जनुकांप्रमाणे त्याच्या अंगात हिंसेचा लवलेशही नसतो. नायिका उमा थर्मनच्या वाट्याला सुंदर दिसण्यापलीकडे फारसं काही नाही. अंतराळवीर सुटाबुटात रॉकेटमध्ये चढतात, त्यावर तर बोलतच नाही.

ज्यूड लॉचा जेरोम राहिला. माझ्या मते सिनेमा त्याचा आहे. जनुकं अव्वल, तरी पोहण्यात रौप्यपदक. तेच सहन न होऊन गाडीपुढे उभा राहतो आणि कमरेखाली लुळा होतो. पोलीस घरी येणार म्हणून तो हातांच्या बळावर गोल जिना चढतो, पायरी पायरी, आणि तो जिना डीएनएच्या पिळासारखा वळलेला आहे. परिपूर्ण माणसाला ही दुनिया किती जड जाते, हे त्या एका चढणीत दिसतं. दादा हा प्रसंग कधीच काढत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. इशिहाराच्या पानांवर नापास झालेला प्रत्येक जण रंगीत दिवे ओळखायच्या चाचणीत नापास होतोच असं नाही, दोष सौम्य असला तर माणूस निभावून नेतो. आणि सगळ्याच कामांना ही अट लावायची गरजही नसते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रिपुरातल्या रंगांधळ्या विद्यार्थ्यांना एमबीबीएसला प्रवेश द्यायला सांगितला, ते मला योग्य वाटतं. दादाचा दोष कदाचित माझ्याहून कमी असेल. पण मग दिव्यांची चाचणी मागून घ्यायची होती, पुस्तक कशाला पाठ करायचं?

सिनेमा पडला होता हेही सांगतो. साधारण 3.6 कोटी डॉलर खर्च आणि तिकीटबारीवर सव्वा कोटीच्या आसपास. नाव झालं ते नंतर. तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात संथ वाटला तर बंद करू नका, मुलाखतीच्या प्रसंगापर्यंत थांबा. आणि घरातलं कुणी बोटीवर असेल तर त्याच्याबरोबर बघू नका.