वाचकांचे प्रश्न : घरच्या मीडिया सर्व्हरवर कोणती सिस्टीम टाकावी?

प्रश्न : घरी चौथ्या पिढीचा आय५ असलेला जुना डेस्कटॉप आहे. ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क, दोन्ही एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या). ४ टीबीच्या डिस्कवर सिनेमे आणि मालिका (१.१ टीबी), २ टीबीवर लग्नांचे व्हिडिओ आणि आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फायली (६०० जीबी). विंडोज १० चे अपडेट बंद झाले. कोणी ट्रूनॅस म्हणतं, कोणी अनरेड, कोणी उबुंटू. टीव्हीवर पाहण्यासाठी सर्व्हर करायचा, तर काय टाकू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : डेबियन १३ ही लिनक्स टाका, डेस्कटॉप (खिडक्या-आयकॉनचा पडदा) न घेता, आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे सिनेमे टीव्हीला पुरवणारा प्रोग्राम. तुमच्याकडच्या डिस्क पाहता हेच योग्य.

ट्रूनॅस उत्तम आहे, पण ती झेडएफएस या फाइल सिस्टीमवर उभी आहे. ४ आणि २ टीबीचा मिरर (दोन्हींवर एकच डेटा) केला तर हाती २ टीबीच येतात. ८ जीबी रॅम ही तिची किमान अट, म्हणजे तुम्ही अगदी काठावर. शिवाय २४० जीबीची अख्खी एसएसडी ती बूटसाठी अडवते. अनरेडला लहानमोठ्या डिस्क चालतात, हे तिचं खरं बळ. पण पॅरिटीची (बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करणारी) डिस्क सगळ्यांत मोठी असावी लागते. तुमची ४ टीबी तिकडे गेली की साठवायला पुन्हा २ टीबीच उरले, आणि वर परवाना विकत घ्यायचा. पुढे चार-पाच डिस्क जमल्या तर तिचा विचार जरूर करा. विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर चालत नाही. उबुंटू एलटीएस टाकली तरी काही बिघडत नाही. कमांड टाइप करायच्याच नसतील तर ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या; ती आतून डेबियनच आहे, फक्त ब्राउझरमधून चालवता येते.

विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअपमुळे एनटीएफएस डिस्क अर्धवट उघड्या राहतात आणि लिनक्स त्यांवर लिहू देत नाही. मग दोन्ही डेटा डिस्कच्या साटा केबल काढून ठेवा आणि तेव्हाच इन्स्टॉल सुरू करा. चुकून भलतीच डिस्क फॉरमॅट होण्याचा धोका एवढ्यानेच संपतो. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड रिकामा सोडला की पहिल्या युजरला सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, मिळतो. शेवटी सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या खुणा काढा, ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड देण्यासाठी) आणि ‘स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज’ ठेवा. नोम डेस्कटॉप राहिला तर लॉगिनच्या पडद्यावर थोडा वेळ कोणी हात लावला नाही की मशीन झोपतं, आणि टीव्हीवर सर्व्हर दिसेनासा होतो.

डिस्क एनटीएफएस ठेवू नका. लिनक्स त्या वाचतं, पण वीज अचानक गेली की डिस्कवर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते आणि नीट दुरुस्ती करायला पुन्हा विंडोजच शोधावं लागतं. एक्स्ट४ (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टीम) करा. तुमचा एकूण डेटा १.७ टीबी आहे, म्हणून तिसरी मोठी डिस्क न आणता हे जमतं. आधी लहान डिस्कवरचे ६०० जीबी मोठीवर घ्या. लहान डिस्क एक्स्ट४ करून सगळे १.७ टीबी तिच्यावर उतरवा. मग मोठी फॉरमॅट करा आणि सगळं परत तिच्यावर आणा. एकूण ४ टीबीची ने-आण होते. सेकंदाला १०० एमबी धरले तर ११ तास. कॉपी आरसिंक या कमांडने करा: मध्येच थांबलं तर पुन्हा चालवल्यावर झालेल्या फायली सोडून ते पुढे जातं. जुनी डिस्क पुसण्याआधी आरसिंक चेकसमच्या (फायलींचा मजकूर ताडून पाहणाऱ्या) पर्यायासह एकदा फिरवा. आणि या सगळ्यात सर्वकाही एकाच डिस्कवर आहे असे क्षण येतात, म्हणून कीर्तनाच्या फायली आधी वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. सिनेमे पुन्हा मिळतील, तो आवाज मिळणार नाही.

फॉरमॅट करताना आणखी एक. एक्स्ट४ सवयीने ५ टक्के जागा रूटसाठी राखते. सिस्टीमच्या डिस्कवर ते ठीक, पण ४ टीबीच्या डेटा डिस्कवर तब्बल २०० जीबी अडकून पडतात. राखीव जागा शून्य करा. नंतरही ट्यून२एफएसने बदलता येते.

डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) यूयूआयडीने, म्हणजे ओळख क्रमांकाने, नोंदवा, कारण एसडीए-एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. सोबत ‘नोफेल’ लिहाच. ते नसेल आणि एखादी केबल सैल झाली, तर मशीन बूटच्या मध्येच आपत्कालीन पडद्यावर अडकतं आणि एसएसएचही लागत नाही. डिस्क माउंट करायची (जोडायची) ती सिस्टीमच्या एसआरव्ही या फोल्डरखालच्या फोल्डरमध्ये. डेस्कटॉपवाल्या मशीनवर डिस्क आपोआप मीडिया फोल्डरखाली युजरच्या नावाने लागते, तिथे परवानगी त्या एकाच युजरला असते; जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतं, त्यामुळे त्याला फोल्डर रिकामा दिसतो. ‘लायब्ररी स्कॅन होते पण काहीच येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच.

इतकं झालं की २ टीबीवर तुमच्या संग्रहाची प्रत आपसूक तयार असते. ती माउंट न करता ठेवा आणि आठवड्यातून एकदा जोडून आरसिंक करा. रेड (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तोच डेटा लिहिणं) लावण्यापेक्षा तुमच्यासाठी हे कितीतरी बरं: चुकून डिलीट केलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी काढून टाकतं.

प्रश्न : सातव्या पिढीच्या आय३ वर उबुंटू आणि जेलीफिन आहे. ४के फाइल अडकत चालते, प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो, आणि मराठी सबटायटलच्या जागी चौकोन येतात. सिस्टीम बदलू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सिस्टीमचा काही दोष नाही. सातव्या पिढीपासून इंटेलची क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओ हाताळणारा भाग) १०-बिट एचईव्हीसी (४के व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) हाताळते, म्हणजे तुमचं हार्डवेअर पुरेसं आहे. फक्त जेलीफिनला ते वापरता येत नाहीये. डॅशबोर्डच्या प्लेबॅकमध्ये क्विक सिंक निवडलंय का पाहा आणि जेलीफिनचा युजर ‘रेंडर’ गटात घाला. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालवायची सोय) टाकलं असेल तर डीआरआय हे ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला द्यावं लागतं, आणि रेंडर गट नावाने न देता क्रमांकाने द्यावा. तो क्रमांक प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो. (वरच्या प्रश्नातल्या चौथ्या पिढीला मात्र एचईव्हीसी झेपत नाही. तिथे टीव्हीने स्वतःच फाइल उलगडून चालवली पाहिजे. बहुतेक ४के टीव्ही ती चालवतात.)

मुळात सर्व्हरला फाइलचं रूपांतर (ट्रान्सकोडिंग) का करावं लागतंय ते पाहा. फाइल चालू असताना डॅशबोर्डवर कारण लिहिलेलं येतं. पुष्कळदा ते सबटायटल असतं: टीव्हीच्या अॅपला तो प्रकार चालत नसला की सर्व्हर अक्षरं चित्रातच छापतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवतो. तुमचे चौकोनही तिथूनच येतात. उबुंटू सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतो. नोटो फॉन्टचं ‘कोअर’ पॅकेज टाका आणि जेलीफिन रीस्टार्ट करा. चौकोनांऐवजी भलतीच रोमन अक्षरं दिसली, तर फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे किंवा यूटीएफ-८ मध्ये नाही. ती युनिकोडमध्ये आणावी लागेल.

तरीही मोठ्या फायली अडकल्या तर टीव्हीची लॅन केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफाय लावून पाहा. हे उलटं वाटतं, पण पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि ब्ल्यू-रेवरून जशाच्या तशा घेतलेल्या ४के फायली मध्येमध्ये त्याच्या पलीकडे उसळतात.

प्रश्न : लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही सर्व्हर बंद पडतो, आणि आल्यावर सुरू होत नाही. मे महिन्यात चोवीस तास चालू ठेवावा का? बिल किती येईल?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते आधी दाबा. साध्या मोडमध्ये पंखा-दिवे चालतात, पण बदलाच्या त्या क्षणात कॉम्प्युटर टिकत नाही. तरी भागलं नाही तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. बर्डीच्या बाजारात घेताना मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना तो नसतो. पोर्ट असेल तर ‘नट’ नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करतं. आपोआप सुरू होण्यासाठी बायोसमध्ये वीज परतल्यावरचा पर्याय ‘पॉवर ऑन’ ठेवा. ‘लास्ट स्टेट’ ठेवलात तर रीतसर बंद झालेलं मशीन बंदच राहील. बंद होतानाच लाइट आली तर? मशीनच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, म्हणून ते उठत नाही. त्यासाठी नटला शेवटी यूपीएसचा पुरवठाही तोडायला सांगावं लागतं.

मे महिन्यात ४५ अंशांच्या दिवसांत वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये १९४ क्रमांकाच्या ओळीत डिस्कचं तापमान दिसतं. ते ५० च्या खाली राहील असं पाहा. काचेच्या दाराचं टीव्ही कॅबिनेट टाळा. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका; हवा गार असते, पण ओलावा आणि तुषार मदरबोर्डला मानवत नाहीत. डिस्कसमोर १२० मिमीचा एक पंखा पुरतो. त्याच यादीत ५ आणि १९७ क्रमांकाचे (डिस्कवरच्या खराब जागांचे) कच्चे आकडे शून्य असावेत. ते चढायला लागले की त्याच दिवशी प्रत काढा.

बिल: मशीन ५० वॉट घेत असेल तर महिन्याला ३६ युनिट. उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे तुम्ही महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये असता, म्हणून हे ३६ युनिट त्याच दराने धरा. एन१०० प्रोसेसरची छोटी मशीन याच्या निम्म्याहून कमी घेते.

प्रश्न : मुलगी पुण्याला असते. तिला तिकडून नागपूरचा सर्व्हर पाहता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्ड केला, लागत नाही.
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पत्त्याचा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुमचं कनेक्शन सीजी-नॅटमागे आहे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), पोर्ट कितीही उघडा, बाहेरून वाट नाही. सर्व्हरवर आणि तिच्या फोनवर टेलस्केल (दोन्ही उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं अॅप) टाका, दोन्हीकडे एकच खातं. मग तिने जेलीफिनमध्ये टेलस्केलने दिलेला सर्व्हरचा पत्ता टाकायचा, शेवटी पोर्ट ८०९६. आधी उघडलेला पोर्ट राउटरवर बंद करून टाका.