कॅबिनेटमधली डिस्क संगणकाला ‘बाहेरची’ वाटते तेव्हा

या वेळच्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच दुखण्याचे आहेत. डिस्क कॅबिनेटच्या आत चार स्क्रूंनी कसलेली आहे, तरी संगणक तिला पेनड्राइव्हसारखी काढता-घालता येणारी समजतो. जास्त प्रश्न हॅकिंटॉशचे, म्हणजे असेंबल्ड पीसीवर मॅकओएस चढवलेल्या मशीनचे आहेत. अ‍ॅपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच संगणकावर चालवता येते. त्यामुळे अशा मशीनला कंपनीकडून मदत मिळत नाही, हे धरूनच पुढचे वाचावे.

प्रश्न : आमचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. ओपनकोअर (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर) वापरून पीसीवर मॅकओएस टाकली आणि फायनल कट चालवतो. आतली २ टीबीची सॅटा हार्ड डिस्क नारिंगी आयकॉनने दिसते, फाइंडरमध्ये तिच्यापुढे इजेक्टचे चिन्ह येते. परवा एक्स्पोर्ट चालू असताना पोराने फोर्स इजेक्ट दाबले. डिस्क खराब झाली का? फॉरमॅट मारू का? (दिग्रस, जि. यवतमाळ)

फॉरमॅट मारू नका. फॉरमॅटने आयकॉन बदलत नाही, वर लग्नाचे फुटेज जाईल. दोष डिस्कमध्ये नसून ती ज्या पोर्टला लावली आहे त्याच्या माहितीत आहे.

सॅटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत, आणि कंट्रोलर म्हणजे ती सांभाळणारी चिप. सॅटा कंट्रोलरच्या प्रत्येक पोर्टची एक छोटी नोंद असते. चालू मशीनमध्ये या पोर्टची डिस्क काढता येते का, म्हणजे हॉट प्लग आहे का? हा पोर्ट कॅबिनेटबाहेर निघालेला ई-सॅटा आहे का? मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर, ही नोंद भरते. दुसरी बाजू मॅकओएसची. तिचा सॅटा ड्रायव्हर अ‍ॅपलने स्वतःच्या संगणकांत वापरलेले कंट्रोलर नावाने ओळखतो. अनोळखी कंट्रोलर दिसला की त्याला ‘सर्वसाधारण’ धरतो आणि त्यावरच्या डिस्कना ‘एक्स्टर्नल’ हा शिक्का मारतो. नारिंगी आयकॉन आणि इजेक्टचे चिन्ह दोन्ही त्याच शिक्क्यातून येतात.

आधी खात्री करा. टर्मिनल उघडून ‘डिस्कयुटिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. प्रत्येक डिस्कच्या नावापुढे कंसात ‘इंटर्नल, फिजिकल’ किंवा ‘एक्स्टर्नल, फिजिकल’ असे येते. मग ‘डिस्कयुटिल इन्फो’ आणि पुढे त्या डिस्कचा क्रमांक द्या. तिथे ‘डिव्हाइस लोकेशन’ एक्स्टर्नल आणि ‘रिमूव्हेबल मीडिया’ मात्र फिक्स्ड असे दिसेल. म्हणजे डिस्क पक्की बसवलेली आहे हे मॅकओएसला कळते, फक्त ती कुठे आहे हे चुकते. या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्याने लोक भलत्याच उपायांमागे लागतात.

आता दुरुस्ती, याच क्रमाने.

पहिले बायोस. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा. असूसच्या बोर्डात अ‍ॅडव्हान्स्डमधल्या पीसीएच स्टोरेज कॉन्फिगरेशनखाली प्रत्येक पोर्टपुढे ‘हॉट प्लग’ असते. इतर अनेक बोर्डांत ते सॅटा कॉन्फिगरेशन किंवा तशाच नावाच्या पानावर मिळते. सगळ्या पोर्टना ‘डिसेबल्ड’ करा. ‘एक्स्टर्नल सॅटा’ असा वेगळा पर्याय असेल तर तोही बंद करा. सॅटा मोड ‘एएचसीआय’च राहू द्या, रेड किंवा आरएसटीवर गेला तर डिस्क दिसणारच नाही.

दुसरे, केबल कुठे लावली आहे ते पाहा. काही मदरबोर्डवर इंटेलच्या चिपसेटचे पोर्ट असतात आणि शेजारीच अ‍ॅसमीडियाच्या वेगळ्या चिपचे एक-दोन पोर्ट असतात. रंग वेगळा असतो, नाहीतर बोर्डाच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. डिस्क अ‍ॅसमीडियाच्या पोर्टवर असेल तर मशीन बंद करा, केबल इंटेलच्या पोर्टवर हलवा. अनेकांचे काम इथेच संपते.

एवढे करूनही आयकॉन नारिंगीच राहिला, तरच ओपनकोअरला हात लावा. त्याच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइलमध्ये कर्नल, त्यात क्वर्क्स, त्यात ‘एक्स्टर्नल डिस्क आयकॉन्स’ हे ट्रू करा. हा पर्याय मॅकओएसच्या सॅटा ड्रायव्हरमध्ये मशीन सुरू होताना ‘एक्स्टर्नल’ या शब्दाच्या जागी ‘इंटर्नल’ घालतो. रोमन लिपीत दोन्ही शब्द आठ-आठ अक्षरांचे आहेत, म्हणून अदलाबदल करताना बाकी काही सरकत नाही. पण ही ठिगळपट्टी सरसकट सगळ्या सॅटा पोर्टना लागते. खरा ई-सॅटा बॉक्स लावला तरी तोही ‘आतला’ दिसू लागेल. ओपनकोअरच्या माहितीपुस्तिकेतही शक्यतो हा पर्याय टाळा असेच म्हटले आहे, म्हणून तो शेवटी ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर घाबराल. दुरुस्ती जमली की डिस्क डेस्कटॉपवरून अदृश्य होऊ शकते. फाइंडर मुळात डेस्कटॉपवर बाहेरच्या डिस्क दाखवतो, आतल्या दाखवत नाही. फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली ‘हार्ड डिस्क्स’वर टिक करा, ती परत दिसेल.

फोर्स इजेक्टने अर्धवट राहिलेली एक्स्पोर्ट फाइल टाकून द्या, ती धड नसेल. मग डिस्क युटिलिटीत ‘फर्स्ट एड’ चालवा.

प्रश्न : सॅटा डिस्क ठीक झाल्या. पण एम.२ स्लॉटमधली एनव्हीएमई एसएसडी अजून बाहेरची दिसते आणि बायोसमध्ये तिच्यापुढे हॉट प्लग नाही. (आरमोरी, जि. गडचिरोली)

नसणारच. एनव्हीएमई सॅटावर बोलत नाही, सरळ पीसीआय एक्स्प्रेसवर बोलते. त्यामुळे वरचे ‘एक्स्टर्नल डिस्क आयकॉन्स’सुद्धा तिला लागू पडत नाही. इथे मॅकओएस त्या डिव्हाइसवर ‘बिल्ट-इन’ नावाचा गुणधर्म आहे का ते पाहते. अ‍ॅपलच्या मशीनमध्ये तो फर्मवेअर देते, आपल्याकडे तो आपण द्यायचा.

हॅकिनटूल या सॉफ्टवेअरमध्ये पीसीआयईच्या (पीसीआय एक्स्प्रेस) पानावर एनव्हीएमई कंट्रोलरची ओळ शोधा, उजवे बटण दाबून डिव्हाइसचा मार्ग कॉपी करा. मार्ग तिरक्या रेघांनी जोडलेल्या तुकड्यांचा असतो, पहिला तुकडा पीसीआय-रूटचा. कॉन्फिग फाइलमध्ये डिव्हाइस प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडखाली त्या मार्गाच्या नावाने एक डिक्शनरी करा. तिच्यात ‘बिल्ट-इन’ ही नोंद करा, प्रकार डेटा, किंमत ०१. नाव सगळे लहान अक्षरांत, मध्ये जोडरेघ. चुका बहुतेक इथेच होतात: प्रकार स्ट्रिंग राहून जातो, नाहीतर मार्ग ग्राफिक्स कार्डाचा कॉपी होतो.

एनव्हीएमई दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवली की मार्ग बदलतो आणि ही नोंद निकामी होते. दोन-तीन एनव्हीएमई असतील, किंवा स्लॉट वारंवार बदलत असतील तर ‘इनी’ हे केक्स्ट (मॅकओएसला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) घ्या. पीसीआय एक्स्प्रेसवरच्या सगळ्या डिस्कना ते बिल्ट-इन करते. ते ईएफआय पार्टिशनमधल्या (डिस्कच्या ज्या छोट्या भागात ओपनकोअर असते) ओसीच्या केक्स्ट्स फोल्डरात ठेवा आणि कॉन्फिगमध्ये कर्नलच्या अ‍ॅडखाली त्याची नोंद करा. नुसते फोल्डरात टाकून ते चालत नाही. दोन्ही उपाय एकत्र करू नका, एक पुरे.

प्रश्न : ‘गेट इन्फो’मध्ये आयकॉन बदलून पांढऱ्या डिस्कचे चित्र चिकटवले. चालेल ना? (तिवसा, जि. अमरावती)

चित्र बदलले, शिक्का तसाच राहिला. इजेक्टचे चिन्ह अजून असेलच. घरी एकटेच मशीन वापरत असाल तर हरकत नाही, पण चार जण हात लावतात तिथे हा उपाय उलट फसवा आहे. नारिंगी रंग निदान सावध तरी करत होता.

प्रश्न : कॉन्फिग बदलली, सेव्ह करतानाच लाइन गेली. आता ओपनकोअरचा मेन्यूच येत नाही. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

ईएफआय पार्टिशन फॅट३२ असते. त्यात जर्नलिंग नसते, म्हणजे अर्धवट राहिलेले लिखाण मागून सावरणारी वही नसते. लिहिताना वीज गेली की फाइल अर्धी राहते किंवा शून्य आकाराची होते, आणि ओपनकोअरला वाचायला काही उरत नाही. तुमची मॅकओएस आणि डेटा मात्र वेगळ्या पार्टिशनवर जागच्या जागी आहेत.

दुसऱ्या कोणत्याही संगणकावर पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि जुन्या ईएफआय फोल्डरची प्रत त्याच्या मुळाशी ठेवा, कुठल्या फोल्डरच्या आत नाही. मशीन सुरू करून एफ८, एफ११ किंवा एफ१२ने (बोर्डाप्रमाणे) बूट मेन्यू उघडा आणि पेनड्राइव्ह निवडा. मॅकओएस चालू झाली की माउंट-ईएफआय या साधनाने डिस्कवरचे ईएफआय उघडा, चांगली प्रत परत ठेवा. जुनी प्रत नसेल तर त्याच आवृत्तीचे ओपनकोअर उतरवून फोल्डर नव्याने मांडावे लागेल. काम मोठे आहे, पण डेटा जात नाही.

यापुढे उलट क्रमाने चला. बदल आधी पेनड्राइव्हवरच्या कॉन्फिगमध्ये करा, तिथून बूट करून पाहा, जमले तरच डिस्कवर उतरवा. एका वेळी एकच बदल. सेव्ह केल्यावर कॉन्फिग तपासणारे ओसी-व्हॅलिडेट चालवा, पण ते ओपनकोअरच्या त्याच आवृत्तीसोबत आलेले हवे. जुन्या आवृत्तीचे नव्या कॉन्फिगला विनाकारण चुका दाखवते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा ६०० व्हीएचा साधा यूपीएस या कामासाठी तरी लावाच. दहा मिनिटे मिळाली तरी पुरतात.

शिवाय, याच दुरुस्तीसाठी नवा मदरबोर्ड घेण्याचा विचार असेल तर थांबा. मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. आहे त्या मशीनची निगा राखण्यातच शहाणपण आहे.

प्रश्न : सेवा केंद्रात विंडोज १० आहे. खाली घड्याळाजवळच्या ‘सेफली रिमूव्ह’मध्ये पेनड्राइव्हसोबत आमची डी ड्राइव्हची डिस्कही येते. रांगेतल्या माणसाचा पेनड्राइव्ह काढताना ऑपरेटरने तीच काढली. दाखल्यांचे स्कॅन गेले का? (मालेगाव, जि. वाशीम)

गेले नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा किंवा मशीन रीस्टार्ट करा, डी परत येईल. मूळ दुखणे दिग्रसच्या वाचकांचेच आहे, म्हणून आधी बायोसमध्ये हॉट प्लग बंद करा. नागपुरात सीताबर्डीतून घेतलेल्या रिफर्बिश्ड ऑफिस मशीनमध्ये पुष्कळदा तो पर्यायच नसतो. मग रजिस्ट्री.

आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर पाहा. ‘स्टँडर्ड सॅटा एएचसीआय कंट्रोलर’ असेल तरच पुढचा उपाय लागू आहे, इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर असेल तर नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, स्टोर-एएचसीआय, पॅरामीटर्स, डिव्हाइस असे आत जा. तिथे ‘मल्टी-स्ट्रिंग’ प्रकारची नवी नोंद करा. तिचे नाव ट्रीट, अ‍ॅज, इंटर्नल, पोर्ट हे चार इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे. किमतीत पोर्टचे क्रमांक एकाखाली एक लिहा: ०, १, २, ३, ४, ५, अर्थात इंग्रजी आकड्यांत. रीस्टार्ट करा. नोंद डीवर्ड प्रकारची केली तर परिणाम होत नाही. विंडोज ७ मध्ये डीवर्ड लागायचे, त्यामुळे जुन्या सूचना वाचून लोक तेच करतात.

प्रश्न : आमचे दुकान जिनिंगला लागून आहे. हॅकिंटॉशमधली डिस्क बाहेरची दिसते, आणि दुपारी काम करताना ‘डिस्क नीट इजेक्ट केली नाही’ असा संदेश येऊन आपोआप निघून जाते. बिल्ट-इन करून बरे होईल का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

नाही, आणि करूही नका, आत्ता तरी. चुकीचा आयकॉन डिस्क बंद पाडत नाही. तुमची डिस्क खरोखरच तुटते आहे. आज हॉट प्लग बंद केले तर तुटलेली डिस्क रीस्टार्टशिवाय परत येणार नाही, एवढाच फरक पडेल.

विंडोजच्या मशीनला लावून क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये स्मार्टच्या, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या, नोंदी पाहा. हे सॉफ्टवेअर नोंदींचे क्रमांक आणि आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळा आधाराच्या मोजणीत, दाखवते. १९९ क्रमांकाची नोंद तिथे ‘सी७’ म्हणून दिसते. ही केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी आहे. ती कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा. वाढला असेल तर केबल किंवा तिचे टोक दोषी. ‘०५’ आणि ‘सी५’ वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच जातो आहे. तसे असेल तर बाकी सगळे सोडा, डेटा आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

केबल घेताना धातूच्या पकडीची घ्या, म्हणजे पंख्याच्या थरथरीने टोक सैल होत नाही. पॉवरसाठी मोलेक्सवरून, म्हणजे चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून, काढलेला, प्लास्टिकच्या साच्यात ओतलेला स्प्लिटर असेल तर काढूनच टाका. त्यात तारा आत एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार होतात. एसएमपीएसचीच सॅटा तार वापरा.

मग धूळ. रुईचे तंतू पंख्याच्या आणि एसएमपीएसच्या जाळीवर गादीसारखे बसतात आणि हवा अडते. बहुतेक हार्ड डिस्कना कंपनीने ६० अंशांची मर्यादा दिलेली असते. बाहेर ४५ अंश असताना कोंदलेल्या कॅबिनेटमध्ये ती गाठायला वेळ लागत नाही, आणि तुमची डिस्क दुपारीच निघते हे लक्षात घ्या. हंगामात दर पंधरा दिवसांनी मशीन बंद करून जाळी ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, मोकळे फिरू दिले तर बेअरिंग जाते. आठवडाभर डिस्क एकदाही तुटली नाही, की मग आयकॉनच्या मागे लागा.